खुर्चीचं वजन

मंगळवारी सकाळी पावणेसात ते साडेसात या पाऊण तासात वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची वजनं वाढली. कुणाचं चार किलो, कुणाचं साडेतीन. ज्याचं तीनच वाढलं तो हिरमुसला. पुरुषांचा वॉर्ड आणि बायकांचा वॉर्ड यांच्यामधल्या बोळात जमिनीलगत एक लोखंडी काटा होता. त्यावर एकेकाला चाकाच्या खुर्चीसकट ढकलायचं, आकडा वाचायचा, भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेले 'खुर्ची ११ किलो' त्यातून वजा करायचे आणि उरेल तो माणूस, अशी तिथली पद्धत होती. नऊ नंबरच्या खाटेवरचे गृहस्थ साडेचोपन्न उरले. "गेल्या मंगळवारी एक्कावन्न होतात, आजोबा!" सिस्टर म्हणाली. "आणि म्हणे अन्न जात नाही!"

हे गृहस्थ वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होता, त्यानं पहिल्याच दिवशी त्यांना 'मापेसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डानं ते कायम केलं. स्वयंपाकघरात पाय घसरून मापेसाहेबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ते डॉक्टरांनी उत्तम बसवलं. हाड जुळत आलं आणि बाकीचा माणूस सुटत चालला, एवढाच काय तो गुंता. गेल्या आठवड्यात त्यांच्या पोटात जे काही गेलं होतं त्याची यादी एका श्वासात संपली असती: रोज चार चमचे सूप, एकदा अर्धं केळं, आणि मुलगी समोर बसली होती म्हणून एक बिस्किट. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. आणि हा आकडा म्हणत होता साडेचोपन्न. क्षणभर त्यांना तो खराच वाटला. वाटलं, असेलही, न खाण्याचंही काही वजन असेल, ते साचत असेल आत कुठेतरी, पाणी भरलेल्या कापसासारखं. मग त्यांचा तळहात सवयीनं खुर्चीच्या दांडीवर टेकला आणि सवयीनंच थांबला. ही कालची खुर्ची नव्हती. ती जुनी होती, नळ्यांची, कॅनव्हासच्या बैठकीची, एक चाक कुरकुरणारी. ही नवी होती. पाय ठेवायला जाड लोखंडी पट्ट्या, सलाइन टांगायचा दांडा, रेक्झिनची गादी, खाली ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी पत्र्याची बैठक. साडेपंधरा, तळहात म्हणाला. शंभरेक ग्रॅम इकडे तिकडे. रिकाम्या भांड्याचं स्वतःचं वजन आधी तोलून बाजूला काढतात, त्याला बाजारात धडा म्हणतात. इथे भांडं बदललं होतं आणि भिंतीवरचा धडा जुनाच राहिला होता. प्रत्येक म्हाताऱ्याच्या खात्यात साडेचार किलो लोखंड जमा झालं होतं.

मापेसाहेबांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षं हे तोंड अशा वेळी आपोआप उघडत आलं होतं आणि त्यातून आपोआप एकच वाक्य बाहेर पडत आलं होतं: माप चुकतंय. ते वाक्य जिभेवर येऊन उभंही राहिलं. पण सिस्टरनं तक्त्यावर त्यांच्या नावापुढची लाल टिकली खोडून हिरवी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की हिरवी टिकली म्हणजे आता कुणी ताटावरचं झाकण उचलून बघणार नाही, कुणी नाकातून नळी घालण्याची गोष्ट काढणार नाही, कुणी काही विचारणार नाही. त्यांनी तोंड मिटलं. कंडक्टरनं त्यांना खाटेकडे नेताना विचारलं, "काय साहेब, पास?" मापेसाहेब म्हणाले, "पास."

न जेवण्याची एक गंमत अशी की भूक फक्त सुरुवातीला त्रास देते. पहिले काही दिवस ती पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत येऊन बसते, खाकरते, घड्याळाकडे बघते. घरातून कुणी विचारायला आलं नाही की अपमान गिळून निघून जाते. मग हलकेपणा येतो. दुपारी जेवणाच्या गाड्यांची घरघर संपली, पडदे ओढले गेले की मापेसाहेबांची खाट जमिनीपासून बोटभर वर उचलली जायची. अर्धं बोटच म्हणा. उगीच वाढवून सांगण्याची त्यांना सवय नव्हती. पंख्याची पाती इतकी सावकाश फिरत की एकेक मोजता यावं. पडद्यातून येणारा उजेड पातळ दुधासारखा फरशीवर पसरत यायचा, खाटांच्या पायांना लागून थांबायचा, आणि त्यावरून माणसं चालत, त्यांच्या चपलांचे आवाज त्यांच्या मागून बऱ्याच वेळानं येत. वाईट काही वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. वाटण्याचं दुकानच बंद होतं, आणि आत कुणीतरी शांतपणे सामान आवरत होतं.

या आवराआवरीत बायको वारंवार हाताला लागायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. जिवंत होती तेव्हा ती भाजी आणायला जाताना मुद्दाम दूरच्या बाजारात जायची, कारण जवळच्या बाजारात सगळे तिला ओळखत आणि घाबरून किलोला सव्वा किलो घालत. "तुमच्या नोकरीपायी मला आयुष्यात खरं वजन मिळालं नाही," ती म्हणायची. जेवताना मात्र ती स्वतः हाच गुन्हा रोज करायची. मापेसाहेबांनी ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हटलं की ती डाव पुढे करायची आणि बोटांच्या फटीतून भात घालायची. "पुरे म्हणजे पुरे," ते चिडायचे. "तुमचं पुरे पाऊणच असतं," ती म्हणायची. छत्तीस वर्षं त्यांचं पोट या चुकीच्या मापावर चाललं. ती गेल्यावर मुलगी आली, डबेवाली बाई आली, शेजारी आले, सगळे सभ्य. त्यांनी पुरे म्हटलं की हात मागे घेत. तेव्हा त्यांना कळलं की जगात सगळे आपला शब्द प्रमाण मानू लागले तर माणूस कसा झपाट्यानं आटतो. इस्पितळात तर पुरे म्हणायचीही गरज नव्हती. झाकण उघडायचं, बटाटा आणि अंडं कंडक्टरच्या ताटात सरकवायचं, सूप हलवून ठेवायचं, झाकण लावायचं. ताट न्यायला येणारी मावशी एक, आणि 'किती खाल्लं' या रकान्यात लिहिणारी दुसरी. दोघींची गाठ पडत नसे.

"साहेब, मला काय, मी खातो," कंडक्टर एकदा तोंडात बटाटा असतानाच म्हणाला. "पण गाडी डिझेलवर चालते, बरं का. धक्का मारून किती लांब नेणार?"

"उतारावर आहे," मापेसाहेब म्हणाले.

कंडक्टर हसला. मापेसाहेबांच्या बोलण्यावर लोक हसत. हा त्यांचा सगळ्यात मजबूत आडोसा होता. आहारताई म्हणून एक तिशीची मुलगी होती, आहारशास्त्र शिकून आलेली, वर मनाचाही कसलासा कोर्स केलेली. तिनं आठच दिवसांपूर्वी वॉर्डात नवी योजना सुरू केली होती. पांढऱ्याऐवजी रंगीत ताटल्या, जेवताना मंद गाणी, आणि प्रत्येक म्हाताऱ्याला मनाविषयी पंधरा प्रश्न. त्या मंगळवारच्या आकड्यांनी तिची योजना एकदम गाजली. मोठे डॉक्टर येऊन तक्त्याशेजारी तिचा फोटो काढून गेले. ती प्रश्नांचा कागद घेऊन मापेसाहेबांच्या खाटेपाशी आली तेव्हा तिचा चेहरा आनंदानं चकाकत होता, आणि त्या चकाकीला काही बोलणं म्हणजे लहान मुलाच्या हातातला फुगा फोडणं होतं.

"आजोबा, आयुष्य रिकामं रिकामं वाटतं का?"

"निवृत्त माणसाला रिकामंच म्हणतात."

"तसं नाही हो. बरं, उद्याबद्दल आशा वाटते?"

"उद्या बुधवार आहे. एवढी खात्री आहे."

"झोप?"

"झोपेची तक्रार नाही. जागेपणाची आहे."

ती खळखळून हसली आणि कागदाच्या तळाशी लिहून गेली: मनःस्थिती उत्तम, विनोदबुद्धी शाबूत. मापेसाहेबांनी ते उलट्या बाजूनं वाचलं. उलटं वाचण्यात ते तरबेज होते. दुकानदार वह्या झाकत तेव्हाची कला. वाचलं आणि त्यांना पहिल्यांदाच किंचित एकटं वाटलं. भुलवायचं म्हणून भुलवलं होतं, पण कुणीतरी थोडं कमी भुलायला हवं होतं, असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुलगी आली. ती विम्याच्या कचेरीत होती. ऑफिसची पिशवी अजून खांद्यावरच, आणि स्टुलावर बसण्याआधीच म्हणाली, "बाबा! साडेतीन किलो! मला सिस्टरनी फोनवर सांगितलं, मी दादाला लगेच कळवलं." मापेसाहेब म्हणाले, "हं." तिनं त्यांचा हात हातात घेतला. हात तिला हलका लागला असणार, कारण ती क्षणभर त्याकडे बघत राहिली. पण आकड्यापुढे हात काय टिकणार? "काल रात्री मी किती दिवसांनी झोपले माहितीये?" ती म्हणाली. "इतके दिवस रोज वाटायचं, फोन वाजला की..." तिनं पिशवीतून पेरू काढून कापायला घेतला. मापेसाहेब पंख्याकडे बघत राहिले. आपण हिला खोट्या वजनावर झोप विकली, असं त्यांच्या मनात आलं. विचार स्वच्छ होता, पण फार लांबून आला होता, काचेच्या पलीकडून कुणी हात हलवावा तसा.

त्या आठवड्यात दुपारी खाट उचलली गेली की एक बाजार दिसू लागला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. एक म्हातारी कोपऱ्यात कांदे घेऊन बसलेली आणि तिच्या तागडीत वजन म्हणून गुळगुळीत काळा दगड. त्यांनी दगड ताब्यात घेऊन तोलला तर भरला एक किलो पस्तीस ग्रॅम. म्हातारी आयुष्यभर गिऱ्हाइकांना जास्तच देत आली होती. "मग द्या की सोडून, साहेब," भोवतीचे लोक म्हणाले. "कुणाचं नुकसान केलं तिनं?" त्यांनी दगड जप्त केला. चूक कुणाच्या बाजूची आहे हे काटा विचारत नाही, असं त्यांनी तेव्हा ऐटीत सांगितलं होतं. घरी बायको दोन दिवस बोलली नव्हती. आता दुपारच्या त्या दुधट उजेडात ती म्हातारी रिकामी तागडी घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसायची. रागावलेली नसायची. नुसती विचारायची, "आणि आता?"

दोन्ही वॉर्डांतली उठती-बसती माणसं दिवसा जिथे बसत त्या दिवसभराच्या खोलीत बायकांच्या वॉर्डातल्या एक बाई खिडकीपाशी बसायच्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या त्या, सगळा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेला. आवाज अजून असा की समोरच्यानं आपोआप "हॅलो" म्हणावं. तीन महिन्यांत दोनदा न्यूमोनिया होऊन त्या काडीसारख्या झाल्या होत्या. एकट्या राहत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाळीस किलो झालात की घरी. त्या दिवसापासून त्या औषधासारखं खात होत्या, डोळे मिटून, एकेक घास मोजून. गेल्या मंगळवारी त्या साडेएकोणचाळीस भरल्या होत्या.

"आता जरा सैल सोडलंय मी," सोमवारी दुपारी त्या मापेसाहेबांना म्हणाल्या. "सकाळचं अंडं बंद. मेलं, घशाखाली उतरत नव्हतं. अर्ध्या किलोचा तर प्रश्न आहे." बोलता बोलता त्यांनी पाण्याचा जग उचलायला हात घातला. जग अर्धाच भरलेला होता. तो टेबलावरून दोन बोटं वर आला, थरथरला, आणि त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला. जणू तहान लागलीच नव्हती. मापेसाहेबांनी पाहिलं. त्यांना पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. छत्तीस किलोच्या आत, त्यांच्या डोळ्यांनी सांगितलं, आणि तीन जिने, आणि प्रत्येक जिन्याला दोन वळणं.

मंगळवारी बोळात पुन्हा रांग लागली. नवी खुर्ची काट्यावर चढताना अजूनही धाप लागल्यासारखी खडखडायची. आहारताई वही घेऊन जातीनं उभी होती. ऑपरेटरबाई मापेसाहेबांच्या पुढेच होत्या. केस विंचरलेले, कपाळावर पावडर. खुर्ची चढली, आकडा थांबला. "एक्कावन्न दोनशे," सिस्टर मोठ्यानं म्हणाली. "वजा अकरा... चाळीस दोनशे! सुटलात हो बाई!" रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनं तोंडानं डबल बेल मारली. ऑपरेटरबाईंचे डोळे भरून आले, आणि त्या दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसल्या.

"सिस्टर," मापेसाहेब म्हणाले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. बऱ्याच दिवसांनी पाण्याबाहेर आल्यासारखा. "खुर्ची रिकामी चढवा."

"काय झालं आजोबा?"

"काटा बरोबर आहे. धडा चुकलाय. ही खुर्ची अकरा किलोची नाही."

"अहो, भिंतीवर लिहिलंय ना," सिस्टर म्हणाली.

"भिंतीला खुर्ची बदलल्याचं कुणी सांगितलेलं नाही."

कुणी हसलं नाही. ऑपरेटरबाईंना बाकावर बसवलं, खुर्ची रिकामी ढकलली. काट्यावरचा आकडा जरा वरखाली झाला आणि पंधरा किलो सहाशेवर स्थिर झाला. आहारताई आकड्याकडे बघत होती, मग वहीकडे, मग पुन्हा आकड्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची आठवड्याची चकाकी उतरताना दिसली.

"म्हणजे मी किती?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

सिस्टर बोटांवर मोजायला लागली. मापेसाहेबांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "पस्तीस सहाशे."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" बाई कडाडल्या. सगळ्या जन्माचा आवाज त्यात होता. "तुमचं काय जात होतं हो? मेली चार हाडं घेऊन मी माझ्या घरी जात होते, तुमच्या घरी येत नव्हते!" आणि पदरात तोंड खुपसून त्या रडू लागल्या.

मग मापेसाहेबांची पाळी आली. ते जाऊन त्या खुर्चीत बसले. चौसष्ट, वजा पंधरा सहाशे. यावेळी आहारताईनं स्वतः वजाबाकी केली. अठ्ठेचाळीस चारशे. ती वहीची मागची पानं चाळत राहिली, मग त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यामुळे तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आले.

"आजोबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"गेल्या मंगळवारी. बसल्याबरोबर."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

एखादं छान वाक्य सुचेल म्हणून ते थांबले. आठ दिवसांपूर्वी लगेच सुचलं असतं. रांग बघत होती, कंडक्टर बघत होता, बाई पदराआडून बघत होत्या. चौतीस वर्षांत त्यांनी असंख्य लोकांना हाच प्रश्न विचारला होता आणि असंख्य उत्तरं लिहून घेतली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"माझ्या सोयीचं होतं," ते म्हणाले.

"सोयीचं म्हणजे?"

"मला जेवायचं नव्हतं. म्हणजे..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मला संपायचं होतं. आरडाओरडा न करता. वजन बरोबर दिसतंय तोवर कुणी अडवणार नव्हतं."

आहारताईनं कागद मागवला नाही. खिशातलं पेनही काढलं नाही. नुसतं "बरं" म्हणाली, आणि बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. तिचे पाय अवघडले असणार.

पुढचे दोन दिवस बरंच काही झालं. मनाचे डॉक्टर आले आणि तासभर बसले; एक पांढरी गोळी सुरू झाली, जिचा गुण यायला तीन आठवडे लागतील असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मुलगी आली, बाबांचा हलका हात घेऊन बसली आणि या वेळी हाताचंच ऐकलं. भिंतीवरचे अकरा खरवडून तिथे पंधरा सहाशे लिहिले गेले. आणि आहारताईनं फर्मान काढलं की ज्यांच्या नावापुढे लाल टिकली आहे त्यांनी खाटेवर जेवायचं नाही, दिवसभराच्या खोलीत टेबलावर जेवायचं, दोघांनी समोरासमोर. शुक्रवारपर्यंत नीट जेवण गेलं नाही तर नळी. मापेसाहेबांच्या समोर कोण, हे वॉर्डानं आधीच ओळखलं होतं.

गुरुवारी दुपारी दोन ताटल्या आल्या, एक निळी, एक पिवळी. भात, मऊ भाजी, उकडलेला बटाटा. ऑपरेटरबाई ताठ बसल्या होत्या.

"बोलायचंच होतं तर आज बोलायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मी घरी पोचल्यावर."

"फाटकापर्यंत पोचला असतात. तिसऱ्या मजल्यावर नाही."

"माझे जिने तुम्ही तोलायला गेला होतात?"

"जग पाहिला होता."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, मावशी फरशी पुसत होती, आणि त्या ओल्या पट्ट्यावरून उजेड घसरत टेबलाच्या पायाशी आला. मापेसाहेबांना खाट उचलली जाण्याची वेळ जाणवली, पायाखालून तो ओळखीचा हलकेपणा हळूहळू सरकत येताना दिसला. खूप सोपं होतं. चमचा हलवून ठेवला की झालं.

"मी सांगते ऐका," बाई म्हणाल्या. "तुम्ही खाल्ल्याशिवाय मी घास उचलणार नाही. आणि मी इथे खपले तर ते तुमच्या नावावर. मोजा काय मोजायचं ते."

त्या हाताची घडी घालून बसल्या. त्यांच्या भाताची वाफ विरत चालली. मनगटं काड्यांसारखी, आणि नजर अशी की फोन ठेवून देता येऊ नये. मापेसाहेबांनी चमचा उचलला. चमचा आश्चर्य वाटावं इतका जड होता. बटाट्याचा तुकडा तोंडात गेला, तिथे बराच वेळ नुसता पडून राहिला, परक्या घरात आलेल्या माणसासारखा; मग जबडा हलला, मग घसा. तो खाली उतरताना त्यांना पूर्ण वाटेभर जाणवला, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही खाली आलं: पाठीला खुर्चीची पाठ लागली, टाचांना फरशी, बैठकीच्या हाडांना लाकूड. दुखलं.

"अजून एक," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे स्वतःचा चमचा हातात घेतला.

दुसरा घास गेला. तिसऱ्याला मापेसाहेब थांबले. कपाळावर आठी पडली. त्यांनी ताटलीकडे रोखून पाहिलं.

"यात मीठ नाही," ते म्हणाले.

"तीन आठवडे हेच ओरडतेय मी!" बाईंनी चमचा टेबलावर आपटला. "भाजीत नाही, भातात नाही, कशातच नाही. कुणी ऐकेल तर शपथ. तुमचं ऐकतात इथे. सांगा त्यांना."

मापेसाहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, घसा खाकरला, आणि खुब्यातली कळ सोसत अर्धे उठून दाराकडे बघत हाक मारली, "सिस्टर! इकडे या जरा."